निळ्या काठाचा वाडगा

"बोलतोय," मामंजी म्हणाले.

खोका त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी धरला होता आणि डोळे मिटून हलक्या हाताने हलवत होते. मी जमिनीवर वर्तमानपत्रांच्या ढिगात बसले होते. सकाळपासून बांधलेला तो माझा आठवा खोका होता आणि आधीच्या सातांपैकी पाच त्यांनी उघडायला लावले होते.

"मला काही ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"तुला नाहीच यायचं. मला येतंय. आत एक कप मोकळा आहे. उघड."

मामंजी म्हणजे माझे सासरे. औषधाच्या बाटल्या करणाऱ्या एका कारखान्यात, माल रवाना करायच्या खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. सबंध नोकरीत आपल्या हातून गेलेल्या मालात किती बाटल्या फुटल्या हा आकडा ते सांगत, आणि तो इतका लहान होता की मी त्यावर कधीच विश्वास ठेवला नाही. त्यांचे नियमही तीस वर्षांचे होते. कप एकात एक घालायचे नाहीत. कानाला कान लागता कामा नये. कागद आधी चुरगाळायचा, मग गुंडाळायचा. बशा आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या लावायच्या. आडवी बशी वरच्या वजनाने मरते. तळाला चार बोटं भुसा, वर चार बोटं भुसा. आणि शेवटी खोका हलवला तर तो बोलायला नको.

मी खोका उघडला. एक कप खरोखरच मोकळा होता. त्याचा मला जास्तच राग आला.

एकोणनव्वद सालची गोष्ट आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका धरणावरच्या वसाहतीत आमचं सात वर्षांचं बिऱ्हाड होतं. ह्यांची सांगलीला बदली झाली आणि हे महिनाभर आधीच हजर व्हायला निघून गेले. जाताना म्हणाले, "बाबा आहेत ना, तुला काही बघावं लागणार नाही." पुरुषांना असं बोलून निघून जाणं फार सोपं असतं. मला दिवसभर फक्त मामंजींकडेच बघावं लागत होतं. कागद गुंडाळता गुंडाळता मध्येच ते थांबत आणि चष्मा वर करून म्हणत, "अगं, हा अंक मी वाचलाच नव्हता."

ट्रक अकरालाच दारात येऊन उभा राहिला होता. ड्रायव्हर लतीफ बजावून गेला होता, "बाई, दोनला हलायचं. उजेड आहे तोवर घाट उतरायचाय."

आणि साडेबारा वाजले तरी आमची बरणी राहिलीच होती.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली ती चिनीमातीची मोठी बरणी, तिच्यात सासूबाईंनी घातलेलं लिंबाचं लोणचं होतं. लोणचं घातलं आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या. त्याला तीन वर्षं झाली होती. बरणीच्या तोंडावर फडकं ताणून त्यावर सुतळी बांधलेली होती, आणि ती सुतळी तीन वर्षांत मामंजींनी कुणाला सोडू दिली नव्हती. सणावाराला मी विकतचं लोणचं आणायची. बरणी पुसायचीसुद्धा तेच.

"हिचं काय करायचं?" मी विचारलं.

ते बराच वेळ बरणीसमोर उकिडवे बसले.

"भरलेली बरणी गाडीत चढत नाही," अखेर म्हणाले. "माझाच नियम आहे. दोन बाटल्या धुऊन आण."

मी बाटल्या पुसून आणल्या तोवर त्यांनी सुतळीची गाठ सोडली होती. फडकं बाजूला केलं आणि ते नुसतेच बघत राहिले. बरणीवर झाकण नव्हतं. झाकणाच्या जागी एक वाडगा पालथा घातलेला होता. पांढरा, निळ्या काठाचा. त्याच्या तळावर तांबड्या ऑइलपेंटने ठसठशीत एक अक्षर काढलेलं होतं. 'दे'.

"हा आपला नाही," मामंजी म्हणाले.

तो कुणाचा, ते मला अक्षर पाहताच कळलं.

आमच्या वसाहतीत कुणाचीच कपबशी कुणाच्या एकटीच्या घरात राहत नसे. कुणाकडे सत्यनारायण, कुणाकडे डोहाळजेवण, कुणाकडे हळदीकुंकू. पन्नास बायकांचे कप एका घरात कुठून असणार? मग आठ घरांतून जमवायचे. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीने आपल्या भांड्यांच्या बुडाला खूण करून ठेवलेली. माझे नेलपॉलिशचे दोन ठिपके, कुणाची फुली, कुणाचा चांद. फक्त देवरे वहिनींच्या भांड्यांवर अक्षर होतं आणि तेही त्यांनी नव्हे, त्यांच्या यजमानांनी रंगवलेलं. देवरे भाऊसाहेब खात्याचे स्टोअरकीपर. सरकारी घमेली-फावड्यांवर जसं लिहायचे तसं त्यांनी घरच्या भांड्यांवरही लिहिलं होतं. आम्ही बायका त्यावरून हसायचो.

सासूबाई गेल्या त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. शेजारच्यांनी जेवण पोचवलं. देवरे वहिनींनी त्या वाडग्यातून पिठलं आणलं होतं आणि मला समोर बसवून दोन घास खायला लावले होते. पुढे तेराव्याच्या आदल्या दिवशी आवराआवरीत माझा धक्का लागून बरणीचं झाकण पडलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. मामंजी पलीकडच्या खोलीत पाहुण्यांबरोबर होते. त्या बरणीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नव्हतं, आणि मी तर तिचं झाकणच फोडलं होतं. घासलेल्या भांड्यांत जे हाताला लागलं ते बरणीवर पालथं घातलं, फडकं बांधलं, तुकडे पदराखाली लपवून बाहेर नेऊन टाकले. आपण एक बशी झाकली, असंच माझ्या डोक्यात राहिलं. ती आपली असेल, दुसऱ्या कुणाची नसेल, हेही मी गृहीत धरलं.

दोन महिन्यांनी, चैत्रातल्या हळदीकुंकवाला, देवरे वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या होत्या, "कर्णिक वहिनी, तो आमचा वाडगा सापडला का ओ?"

हळू बोलल्या होत्या. मोठ्याने बोलले ते मीच. "माणूस गेलेल्या घरात पिठलं पोचवलंत, आणि आता वाडग्याचा तगादा लावता? परत केलाय मी तो. तुमच्याच घरात नीट शोधा!"

"तगादा नाही ओ. सहांचा सेट आहे. ह्यांनी विचारलं म्हणून..."

"केलाय परत, सांगितलं ना!"

वीस-पंचवीस बायकांच्या हातातली डाळ तशीच राहिली. मी रडायला लागले. चौघींनी मला जवळ घेतलं आणि देवरे वहिनींकडे असं पाहिलं की त्या पन्हं न पिताच निघून गेल्या. तेव्हापासून त्यांच्या घरी चहाला जाणं सगळ्यांनी हळूहळू बंद केलं. माझ्याशी त्यांचा पुरता अबोला. आणि वाडगा मी परत केला हे मला इतकं स्वच्छ आठवायचं, की कोणत्या दिवशी, कुणाच्या हातून पाठवला तेही मी सांगितलं असतं.

"झाकण कुठे गेलं?" मामंजींनी विचारलं.

"फुटलं माझ्याकडून. तेराव्याच्या आदल्या दिवशी."

"मग सांगायचं ना."

"तुम्हाला? तुम्ही त्या बरणीजवळ कुणाला फिरकू देत होता का?" मी चिडून म्हणाले. खरं तर चिडायचा हक्क मला उरलेला नव्हता, पण सकाळपासून सहा खोके पुन्हा उघडून मी मुळातच करवादले होते.

ते बरणीकडे वळले. चमच्याने लोणचं बाटल्यांत भरू लागले. काळंभोर झालं होतं आणि वास अजून तसाच होता. दोन्ही बाटल्या भरल्यावर थोडं उरलं. वाडगा त्यांनी स्वतः धुतला, पुसला, उरलेलं लोणचं त्यात घातलं आणि माझ्यापुढे धरला.

"रिकामं भांडं परत देऊ नये. जा."

"आत्ता? एक वाजून गेलाय! सांगलीहून पत्र लिहिते ना मी सविस्तर."

"वृंदा," ते म्हणाले, "जा."

देवरे वहिनींचं घर आमच्यापासून चौथं. तीन वर्षं त्या दारावरून मी मान वळवून गेले होते. दार त्यांनीच उघडलं. माझ्या हातातल्या वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाडगा घेऊन आधी तो वर उचलला, खालून अक्षर पाहिलं आणि मगच म्हणाल्या, "कुठे होता?"

मी सगळं सांगितलं. झाकण, बरणी, फडकं. सांगताना मला वाटत होतं की त्या आता ओरडतील, मग मी रडेन, मग त्या जवळ घेतील आणि मी दोनच्या आत ट्रकमध्ये बसेन. त्या ओरडल्याच नाहीत.

"बरणीवर," एवढंच म्हणाल्या.

"वहिनी, मला माफ करा. आत्ता सगळ्या जणी मला निरोप द्यायला येतील. मी सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी होती म्हणून."

"बायकांचं राहू द्या. बायका आज बोलत नाहीत, उद्या बोलतील. तुम्ही ह्यांना सांगा."

"कुणाला? भाऊसाहेबांना?"

त्यांनी मला आत नेलं. बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट होतं. आत निळ्या काठाचे पाच वाडगे ओळीने मांडलेले, कपबश्या, सरबताचे ग्लास. कपाटाला बारकंसं पितळी कुलूप होतं.

"त्या चैत्रापासून किल्ली ह्यांच्याकडे असते," वहिनी म्हणाल्या. "सेट मोडला ना. म्हणाले, तूच कुठेतरी हरवलास आणि आता दुसऱ्यांवर घालतेस. तुला भांडी सांभाळायची अक्कल नाही. पाहुणा आला की ह्यांच्या ऑफिसात निरोप पाठवायचा, हे येणार, कपाट उघडणार, कप मोजून देणार. मागल्या दिवाळीत माझा भाऊ आला. हे साइटवर गेलेले. त्याला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. तो कपाटाकडे बघत होता. त्याच्या ध्यानात आलं."

"मी चिठ्ठी लिहून देते त्यांच्या नावाने," मी म्हणाले. "सगळं लिहिते, खाली सही करते."

"चिठ्ठी नको. म्हणतील, तूच लिहवून घेतलीस. तुम्ही तोंडाने सांगा. साडेपाचला येतात."

"साडेपाच! वहिनी, ट्रक दोनला निघतोय."

"मग निघा," त्या म्हणाल्या. रागाने नाही. जणू मी निघणारच हे त्यांना ठाऊक होतं.

मी तणतणत घरी आले. ऑफिस तीन मैलांवर, भाऊसाहेब साइटवर असले तर तिथेही सापडायचे नाहीत. माझी चूक मला मान्य होती, पण तिची फेड माझ्या सोयीने करायची माझी तयारी होती, त्यांच्या सोयीने नाही. मामंजींना मी सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, एका वाडग्यासाठी साडेतीन तास ट्रक थांबवतं का कुणी?"

मामंजींनी ट्रककडे पाहिलं. मग वळकटीवर बसून चपला काढल्या.

"लतीफ," त्यांनी हाक मारली, "दोर सोड. मागची रांग मला पटलेली नाही. सगळी पुन्हा लावायची."

लतीफने कपाळावर हात मारला. "बाबा, रांग तुम्हीच लावली ना! घाटात अंधार गाठेल आपल्याला."

"अंधारात मी जागा असतो. सोड."

दोन वाजता बायका नारळ, ब्लाउजपीस घेऊन आल्या. ट्रकमधून सामान उतरताना बघून बुचकळ्यात पडल्या. तिथेच अंगणात मी त्यांना सांगितलं, वाडगा माझ्याकडेच होता, देवरे वहिनी खऱ्या होत्या. मला वाटलं, धरणी दुभंगेल. झालं भलतंच. "अगं, दुःखात होतीस तू!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "त्यात काय एवढं, होतं माणसाच्या हातून. पण किती सरळ मनाची गं तू, जाताना सांगून गेलीस!" कुणीतरी डोळेसुद्धा पुसले. ओटी भरून झाली. आपापल्या घरी जाताना त्या सगळ्या देवरे वहिनींच्या दारावरूनच गेल्या आणि एकीचाही पाय तिथे थांबला नाही. त्या दिवशी मी मामंजींवर चिडले होते, लतीफवर चिडले होते, देवरे वहिनींवर तर चिडलेच होते. पण खरा संताप आला तो तेव्हा, आणि तो माझ्या कौतुकाचा होता.

मी जाऊन देवरे वहिनींच्या ओट्यावर बसले.

थोड्या वेळाने त्यांनी स्टीलच्या पेल्यात चहा आणून दिला आणि माझ्याशेजारी तांदूळ निवडत बसल्या. एकदा त्यांनी विचारलं, "सांगलीला पाणी चोवीस तास असतं म्हणे?" मी म्हणाले, "ठाऊक नाही." चार वाजले, पाच वाजले. तिकडे मामंजींचा आवाज येत होता, "हा खाली, तो वर." साडेपाच होऊन गेले. लतीफने हॉर्न वाजवला. मी उठायचं नाव घेतलं नाही, पण मनात भाऊसाहेबांना लाखोली वाहत होते. नेमकं आजच उशीर करायचं काय अडलं होतं त्यांचं?

पावणेसहाला ते आले. सायकल भिंतीला टेकवली आणि मला पाहून हसले.

"अरे, कर्णिक वहिनी! निघाला नाहीत अजून?"

मी उठून उभी राहिले. साडेतीन तास घोकलेलं होतं ते एका दमात बोलून टाकलं. "भाऊसाहेब, तुमच्या सेटमधला वाडगा वहिनींनी हरवला नव्हता. तो माझ्या घरी होता. मी चारचौघींत त्यांना खोटं पाडलं. खोटी मी होते. तीन वर्षं त्यांनी विनाकारण सोसलं. हे तुम्हाला तोंडाने सांगावं म्हणून मी ट्रक थांबवलाय."

भाऊसाहेब पँटच्या घोट्याला लावलेली क्लिप काढत अदबीने ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"कुठला वाडगा?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा अगदी सरळ होता.

"निळ्या काठाचा," मी म्हणाले. "सहांतला."

"हां हां, ते होय! सहा होते का ते? मला वाटतं पाचच होते." मग हसत म्हणाले, "सापडला का? बरं झालं. पण तेवढ्यासाठी ट्रक खोळंबवलात? कमाल करता वहिनी! असल्या गोष्टी कुणाच्या ध्यानात राहतात का?"

मी देवरे वहिनींकडे पाहिलं. आता त्या रडतील असं मला वाटलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले, उठल्या आणि यजमानांसमोर हात पसरला.

"किल्ली द्या."

"कसली? कपाटाची? वाडगा ठेवायचाय ना, थांब, मी उघडून देतो."

"किल्ली द्या."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. खिशातून जुडगा काढला. स्टोअरच्या मोठाल्या किल्ल्यांत ती एवढीशी किल्ली अडकलेली होती. "ह्यातून चटकन निघायची नाही ती," ते म्हणाले. "कडी घट्ट आहे. रात्री निवांत काढून देतो."

"आत्ता काढा."

ते नखाने कडी उघडायला लागले. एकदा सुटली, पुन्हा मिटली. कपाळाला घाम आला. तिकडे लतीफने लागोपाठ दोनदा हॉर्न दिला.

"वहिनी, तुम्ही निघा खरंच," भाऊसाहेब मान वर न करता मला म्हणाले. "तुमचा खोळंबा होतोय."

"त्या थांबतील," देवरे वहिनी म्हणाल्या. त्यांचा हात तसाच पुढे होता.

मी पुन्हा ओट्यावर बसले.